प्रतिसाद: मलेरियात लोहाच्या गोळ्या का थांबवल्या?

वर तुम्ही विचारलंय की मावशींचं हिमोग्लोबिन ८ असून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मलेरिया बरा होईपर्यंत लोहाच्या गोळ्या थांबवल्या, हे चुकलं का. मला तरी नाही वाटत.

यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. आतड्यातल्या आणि साठा करणाऱ्या पेशींमधून लोह रक्तात सोडणारं फेरोपोर्टिन हे दार ते बंद करतं. मलेरियात हेपसिडिन वाढतं, मग गोळी घेतली तरी लोह फारसं शोषलंच जात नाही. गंमत पुढे आहे. २०११ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की रक्तात मलेरियाचे परजीवी भरपूर असले की वाढलेल्या हेपसिडिनमुळे यकृतपेशींतलं लोह कमी होतं आणि नव्या डासाने सोडलेले परजीवी तिथे नीट वाढू शकत नाहीत. म्हणजे आधीचा पाहुणा दुसऱ्याला थारा देत नाही!

मलेरियाचा जोर असलेल्या, टांझानियातल्या झांझिबारच्या पेंबा बेटावर मात्र लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अॅसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. तो अहवाल २००६ चा. मलेरियावर वेळेत उपचार मिळतात तिथे हा धोका दिसत नाही, असं नंतरच्या अभ्यासांतून आलं. त्यामुळे शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गुलाबी-निळ्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या वरच्या भावाशी मी सहमत नाही. कोल्हापूर म्हणजे मलेरियाचा जोर असलेलं गडचिरोली नव्हे.

मावशींचा मलेरियाचा कोर्स पूर्ण होऊ दे. गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांनाच विचारा. तोवर पांढऱ्या रश्श्यावर कुणी बंदी घातलेली नाही.