कचरा जाळा म्हणे! पण आधी तो पेटतो का बघा की

ओला_सुका_त्रस्त:
काल एकाने लिहिलं की ओला-सुका वर्गीकरण वगैरे सगळी नाटकं आहेत, पिंपरी-चिंचवडच्या मोशीसारखा कचरा जाळून वीज करणारा एकेक प्लांट प्रत्येक शहरात टाका, कचरा जाळा, वीज घ्या, विषय संपला. त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग! तिथे उत्तर लिहायला बसलो ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.
अहो, आपल्या कचऱ्यात निम्मा तरी भाजीचे देठ, उरलेला भात, चहाचा चोथा असतो. तो पेटणार कसा? बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच जाते. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कची मशिनरी आणून हेच केलं, काही दिवसांत गाशा गुंडाळला. पेटतं काय, तर प्लास्टिक, पुठ्ठा, चिंध्या. म्हणजे कचरावेचक बायका जे विकून पोट भरतात नेमकं तेच.

भट्टीवाला:
बॉयलरमध्येच आयुष्य गेलंय म्हणून बोलतो. 1987 ची गोष्ट किती वर्षं उगाळणार? मोशीचा प्लांट 2023 ला सुरू झाला, 300 कोटींचा, वर्षाला अडीच लाख टन कचरा घेण्यासाठी बांधलाय. 850 डिग्रीला दोन सेकंद धूर धरला की डायॉक्सिन, म्हणजे धुरातलं विष, तुटतं, पुढे फिल्टर असतात. आणि जाळायचं नाही म्हणता, पण डेपो आपोआप जळतातच की! मुंबईचा देवनार डेपो 2016 ला धुमसत होता तेव्हा कुठला फिल्टर होता?

ओला_सुका_त्रस्त:
फिल्टर असतात, चालू असतात का ते सांगा. आणि राख? वजनाच्या पाचवा हिस्सा तरी उरतेच, ती काय अंगारा म्हणून वाटणार?

थंडीतला_पुणेकर:
मी डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला असतो. इथे कचऱ्याच्या भट्टीच्या छपरावर स्कीइंग करतात, 2019 पासून. फोटो सगळे टाकतात, पण इथल्या भट्टीचं गणित गरम पाण्यावर चालतं हे कुणी सांगत नाही. पाइपने घराघरात जातं, हिटर त्यावर. शिवाय भट्टीला कचरा कमी पडतो म्हणून बाहेरच्या देशातून आणतात, आणि आता सरकारनेच 2020 मध्ये ठरवलंय की 2030 पर्यंत भट्ट्यांची क्षमता 30 टक्के कमी करायची. मे महिन्यात नागपूरला गरम पाणी कोण घेणार?

बंबवाली_माई:
गरम पाण्यासाठी डेन्मार्कला कशाला जायला हवं? आमच्या साताऱ्याकडे घरोघरी बंब होते, त्यात घरातला सगळा कचरा जायचा. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, रद्दी, दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला. दहा जणांच्या आंघोळी व्हायच्या आणि घंटागाडीचं नावही नव्हतं.

गुळाचा_खडा:
माई, चपला बंबात?? लहान पोरं त्याच धुरात दात घासत असतील. आमच्या आजीला जन्मभर खोकला होता तो त्या धुरानेच.

बंबवाली_माई:
माझी सासू ब्याण्णव वर्षं जगली, त्याच धुरात. तुम्ही एसीत बसून शिंकता.

भट्टीवाला:
दोघेही थांबा. डायॉक्सिन बनतं ते क्लोरीनमुळे. दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतो, चपलेत आणि वायरीत पीव्हीसी प्लास्टिक असेल तर असतो, आणि बंबात 850 डिग्री काही होत नाही. त्यामुळे माई, सासूबाईंना नमस्कार, पण चपला जाळू नका.

गुळाचा_खडा:
बघा, भट्टीवालेच म्हणतायत! माफी मागा आता.

बंबवाली_माई:
माफी कसली? बंब आमचा, चपला आमच्या. आणि तुमच्या सोसायटीत झाडलोटवाला रोज पालापाचोळ्यासोबत गुटख्याच्या पुड्या पेटवतो, ते चालतं वाटतं?

गुळाचा_खडा:
ते चूकच आहे, दोनदा भांडलोय त्यावरून. चेअरमन म्हणाले, डास जातात.

फुरसुंगीचा_पाहुणा:
बंब पुरे झाला हो. ओलासुका साहेब, तुम्ही पुण्यातल्या कोथरूडचे दिसता. तुमचा कचरा डेपो बंद झाला, तिथे आता मेट्रोची कारशेड, फ्लॅटचे भाव चढले. तुमचा कचरा आला आमच्या शहराबाहेरच्या उरुळी-फुरसुंगीच्या उशाला. विहिरी नासल्या, सोयरीक जमवताना लोक आधी नाक मुरडतात. तुम्ही बाल्कनीत खताची बादली ठेवून आम्हाला वर्गीकरण शिकवू नका. जाळा, पुरा, खा, पण आमच्या दारातून उचला.

ओला_सुका_त्रस्त:
कोथरूडचाच आहे. पण प्लांट आला तरी तो तुमच्याच शेजारी येणार ना, माझ्या बाल्कनीत थोडाच येणार?

फुरसुंगीचा_पाहुणा:
का? भट्टीवाले म्हणतायत फिल्टर असतात, मग येऊ द्या की कोथरूडात. छपरावर स्कीइंगही करा.

भट्टीवाला:
तांत्रिकदृष्ट्या काहीच हरकत नाही. फक्त कचरा कोरडा हवा, नाहीतर बाहेरून इंधन ओतावं लागतं.

ओला_सुका_त्रस्त:
कोरडा हवा! म्हणजे ओला वेगळा काढायला हवा. म्हणजे वर्गीकरण. धन्य झालो, आता हेच त्या कालच्या धाग्यावर जाऊन लिहा.

भट्टीवाला:
लिहितो. पण वर्गीकरण करूनही दोन्ही बादल्या घंटागाडीत एकत्रच रिकाम्या होतात, तेही लिहिणार.

तांब्याचा_शौकीन:
माई, तो बंब तांब्याचा आहे का? विकायचा असेल तर सांगा.

बंबवाली_माई:
नाही विकायचा. उद्या गॅस संपला तर?