विषय: [मंडळ-यादी] जुनी तीनचाकी, मागचं चाक डुगडुगतंय

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमांच्या गर्दीत गाडीचा प्रश्न टाकतोय, सांभाळून घ्या. शेजाऱ्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली होंडा एटीसी ११० माझ्या गळ्यात पडली आहे. कोणी पाहिली नसेल तर सांगतो: पुढे एक, मागे दोन फुग्यासारखी चाकं, १०५ सीसीचं इंजिन, क्लचची दांडी नाही. सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवा, बस.

कार्बोरेटर उघडून स्लो जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ केला, तर दोरीच्या तिसऱ्या ओढीला चालू झाली! पण मागची बाजू ठोकळ्यावर घेतली आणि चाक धरून वर-खाली हलवलं, की चांगलं डुगडुगतं. हाताने फिरवलं की वाळू दळल्यासारखा आवाज. डीलर म्हणतो, या गाडीचे भाग आता येत नाहीत. मग भंगारात घालू का? मुलगा रोज विचारतोय, "बाबा, कधी फिरवायची?"

— तीनचाकीवाला

---

अरे, भंगारात कशाला?

डीलर तुझ्या गाडीच्या नावाने शोधतोय, म्हणून त्याला सापडत नाही. बेअरिंगला गाडीचं नाव ठाऊक नसतं. एक्सल (मागच्या चाकांचा दांडा) काढ, बेअरिंग बाहेर घे, रॉकेलने पूस आणि रिंगच्या कडेवर कोरलेला आकडा वाच. उदाहरणार्थ ६२०६ असेल, तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुण: आतलं भोक ३० मिमी. बाहेरचा व्यास ६२, रुंदी १६. हे माप जगभर एकच. पंपात, मोटरीत, कुठेही तेच बेअरिंग असतं. मागवताना दोन्ही बाजूंनी रबराने बंद असलेलं, म्हणजे शेवटी २आरएस लिहिलेलं घे. बेअरिंगबाहेरच्या ऑइल सीलवरही (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. आकडा पुसला गेला असेल तर कॅलिपर लाव.

आता महत्त्वाचं. बेअरिंग आपणहून मरत नाही, त्याला पाणी मारतं. पाणी आत आलं म्हणजे सील गेलेलं. आणि सील का गेलं, ते बघायला एक्सलवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरव. नख अडकलं तर तिथे चर पडली आहे. त्या चरीवर नवं सील बसवलंस तर पुढच्या पावसाळ्यात तू मला हीच मेल पुन्हा लिहिशील. एकतर चरीवर पातळ स्लीव्ह (धातूचं वेष्टण) चढव, नाहीतर सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसव, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. बहुतेक लोक हे बघतच नाहीत आणि नव्या बेअरिंगला शिव्या घालतात.

बसवताना बेअरिंग पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव आणि हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) गरम कर. (घरचा ओव्हन वापरणार असलास तर आधी घरी विचार. मी विचारलं नव्हतं.) मग ते जवळजवळ हातानेच आत बसतं. ठोकायचं झालंच तर फक्त बाहेरच्या रिंगवर. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग मध्ये धरून ठोकली की काम झालं. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, ती विसरू नकोस.

ब्रेकचा ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ हवेने उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घे. स्प्रॉकेटचे (चेनच्या चक्राचे) दाते एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील तर स्प्रॉकेट आणि चेन सोबतच बदल.

— गॅरेजवाले काका

---

काकांनी बेअरिंगचं सांगितलं, मी पायाचं सांगते.

या गाडीला मागे डिफरेन्शियल नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवून बाहेरच्या पायटेकावर भार द्यावा लागतो, तेव्हा कुठे आतलं चाक घसरतं आणि गाडी वळते. मोटारसायकलची सवय असलेला माणूस घाबरला की पाय खाली टेकतो, आणि मागचं चाक त्याच पायावर चढतं. माझ्या दिरांचा घोटा असाच गेला. सहा आठवडे प्लास्टर.

१९८८ साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं बंद केलं, ते उगाच नाही. तुम्ही जरूर दुरुस्त करा हो, पण मुलाला "बाबांनी आधी शिकायचं" एवढं सांगा.

— घोटेवाल्या दिरांची वहिनी

---

वहिनींचं शंभर टक्के बरोबर. त्यात भर: टायरमध्ये हवा फक्त २.२ पीएसआय. पंपावरच्या गेजवर तो काटा हलतही नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घे. लोक मोटारीच्या सवयीने १५-२० भरतात, मग ती चेंडूसारखी उडते.

— काका

---

काका, वहिनी, आभार. मुलाला सांगितलंय. तो रुसलाय.

बेअरिंगचा आकडा वाचता आला, दोन्ही मिळाली, सीलही. चर होतीच, नख चांगलंच अडकलं. स्लीव्ह चढवली. काल रात्री सगळं जोडलं, मोठा नट आवळला, आणि चाक घट्ट! नट सैल केला की फिरतं, आवळला की अडकतं. नवं बेअरिंगच खराब निघालं का?

— तीनचाकीवाला

---

मधली नळी कुठे आहे?

— काका

---

रॉकेलच्या ट्रेमध्ये. फडक्याखाली.

म्हणजे नळी नसल्यामुळे नट आवळताना दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जात होत्या, बरोबर? परत उघडतोय. एकाच बाजूचं बेअरिंग ठोकून काढलं की नळी आत जाईल. तेच परत बसवलं तर चालेल ना? आणि सील?

— तीनचाकीवाला

---

बरोबर ओळखलंस. पण आतल्या रिंगवर ठोकून काढलेलं बेअरिंग परत बसवायचं नसतं, गोळ्यांचे वळ रिंगेत उमटतात. सील तर काढताना वाकतंच.

एक बेअरिंग, एक सील मागव. आणि फडकी दुसरीकडे ठेवत जा.

— काका