मदत हवी आहे : नववा आयपॅड बदलून अकरावा घ्यावा का?

मी सोलापुरात चादरी व टॉवेलांसाठी जॅकार्डची (विणतानाच कापडात उतरणारी) नक्षी काढून देतो. सध्या २०२१ चा नवव्या पिढीचा आयपॅड (६४ जीबी), पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल आणि प्रोक्रिएट हे चित्रे काढण्याचे ॲप वापरतो. अडचण थरांची, म्हणजे एकावर एक ठेवून वेगवेगळे बदलता येणाऱ्या लेयरची आहे. या आयपॅडची रॅम ३ जीबी असल्याने मोठ्या कॅनव्हासवर थरांची मर्यादा लवकर संपते. मग काठ, मोर आणि पार्श्वभूमी एकाच थरात मिसळावी लागते, आणि कारखानदाराने फक्त मोराचा रंग बदलायला सांगितला की अर्धी नक्षी पुन्हा काढण्याची वेळ येते.

जुन्या फाइली हार्ड डिस्कवर हलवल्या, पण त्याने जागा सुटली, थर वाढले नाहीत. कॅनव्हास लहान केला, तर बारीक वेलबुट्टीच्या कडा फाटतात. बॅटरी मात्र ठणठणीत आहे, आणि सिम असलेल्या मॉडेलची गरज नाही.

२०२५ चा अकराव्या पिढीचा, म्हणजे ए१६ चिपचा आयपॅड (१२८ जीबी) ३४,९०० रुपयांना जाहीर झाला होता आणि त्यात ६ जीबी रॅम आहे. माझी पेन्सिल त्याला अडॅप्टर लावून चालते. यूएसबी-सी पेन्सिलला दाबाची जाण नसल्याने ती मला नकोच. एम३ आयपॅड एअरचा पडदा लॅमिनेटेड (काचेला चिकटलेला, मध्ये फट नसलेला) असला, तरी त्याला ही पेन्सिल चालत नाही, म्हणजे खर्च दुप्पट.

ज्यांनी नवव्यावरून ए१६ घेतला आहे, त्यांना त्याच कॅनव्हासवर प्रत्यक्षात किती थर जास्त मिळाले, आणि तेवढ्यासाठी हा खर्च करावा का?