मदत हवी आहे: मातीच्या कासवाला आजीचा आवाज बसत नाहीये

मंडळी, जरा अडलंय.

'क्रीचर कम्फर्ट्स' इथे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओसाठी निक पार्कने 1989 साली केलेली पाचेक मिनिटांची फिल्म. तिला ऑस्कर मिळालं आणि 2003 मध्ये मालिकाही आली. साध्यासुध्या माणसांच्या खऱ्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आणि ते बोलणं जसंच्या तसं प्लॅस्टिसिनच्या (मऊ मातीच्या) प्राण्यांच्या तोंडी घालायचं. प्राणी किंचित हलवत एकेक फोटो काढायचा, म्हणजे ते बोलताना दिसतात. प्राणिसंग्रहालयात जागा पुरत नाही म्हणून तणतणणारा त्यातला तो ब्राझिलियन पठ्ठ्या तर मला पाठ आहे!

तसंच काहीतरी करायला बसलोय. आजीला नव्या फ्लॅटबद्दल बोलतं केलं, तिला न सांगता कासव केलं. (कळलं की माझं काही खरं नाही.) आवाज 40 सेकंदांचा, सेकंदाला 12 फोटो, म्हणजे 480 फोटो.

अडचण तोंडाची. आठ वेगवेगळी तोंडं करून ठेवलीत, फोटोगणिक बदलतो. प, ब, म ला ओठ मिटले की काम भागतं. पण आजी "सगळंच वेगळं बाई" म्हणते तेव्हा 'ळ'ला काय दाखवू? जीभ वर वळवली तर कासव जांभई देतंय असं वाटतं.

शिवाय उकाड्यात माती मऊ पडून मान कलते, आणि पंखा लावला की कागदाची झाडं हलतात.

कुणी मराठी लिपसिंक (आवाजाशी ओठ जुळवणं) केलंय का? 'ळ' सरळ गाळू का?