मोडेम पहिल्याच रिंगला फोन उचलतो आणि आता एंटरपण घेईना

बेदाणा_तासगाव:
रामराम मंडळी. तासगावजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं तापमान लिहून ठेवणारा एक जुना पीसी आणि त्याला सिरीयल केबलनं ५६के एक्स्टर्नल मोडेम (फोनलाईनवरनं डेटा पाठवणारं यंत्र), मी सांगलीतनं रात्री डायल करून आकडे बघतो. लोक हसतात पण चालतंय तवर चालवायचं. मोडेमला पहिल्या रिंगला उचलायची कमांड, एटीएस०=१, टाकलीय, पण त्याच लाईनवर वॉचमनकाकांचा पॅरलल फोन आहे, त्यांच्या घरचा फोन आला की मोडेमच उचलतो आणि त्यांच्या बायकोच्या कानात कर्रर्र! शिवाय लाईट जाऊन आली की मोडेम उचलायचंच विसरतो. काल कुठंतरी वाचून एटीएस३=१० मारलं तर आता एटी टाकून कितीबी एंटर दाबा, ओके येत नाही. मोडेम गेला का काय?

जुनी_तार:
गेला नाही भावा. एस०, एस३ ही मोडेमची रजिस्टरं, म्हणजे सेटिंगचे आकडे. एस३ म्हणजे कमांड संपल्याची खूण, तिचा अक्षर-कोड मूळचा १३, म्हणजे एंटर. तू १० केलीस, म्हणजे लाईन फीड. आता मोडेम १० ची वाट बघत बसलाय आणि तू १३ पाठवतोयस. एटीएस३=१३ टाईप कर आणि एंटरऐवजी कंट्रोल-जे दाब. एस४ ला (१०) आणि एस५ ला (८, बॅकस्पेस) उगं हात लावू नको.
लाईट गेल्यावर विसरतो कारण एस० चं मूळ मूल्य बऱ्याच मोडेममध्ये ०, म्हणजे उचलूच नको. एस०=५ कर, मग ते सेव्ह करायला एटी&डब्ल्यू०, मग एटी&वाय०, म्हणजे चालू होताना तीच सेव्ह केलेली प्रोफाईल उचलेल. आपल्याकडं रिंगचा एक फेरा साधारण ३ सेकंदांचा, म्हणजे काकांना उचलायला १२-१५ सेकंद मिळतील.

कृष्णाकाठ:
वरचं बरोबर, पण एक राहिलं. एस० वाढवलास की सांगलीकडच्या मोडेमचा एस७ पण वाढव, कारण तो डायल झाल्यापास्नं कॅरियरची (समोरच्या मोडेमच्या सिग्नलची) वाट बघायचे सेकंद मोजतो. कुठं ३०, कुठं ५० असतो, पाच रिंगा आणि वर दोघा मोडेमचं हँडशेक (एकमेकांशी जुळणी) एवढ्यात बसलं नाही तर नो कॅरियर. मी ९० ठेवलावता. पावसात जॉइंट भिजून लाईन खरखरत असेल तर एस१० पण बघ, तो सेकंदाच्या दहाव्या भागात असतोय, १४ म्हणजे १.४ सेकंद, तेवढा कॅरियर गायब झाला की फोन कट. ५० केलं की बारीकसारीक खरखर सोसतो.

बेदाणा_तासगाव:
कंट्रोल-जे नं ओके आलं!! जीव भांड्यात पडला. अजून एक, रिपोर्टच्या मध्येच कधीकधी लाईन कटते, रिपोर्टात विभागाच्या शेवटी +++ छापलेलं असतं, त्याचा संबंध?

जुनी_तार:
असू शकतो. + चा अक्षर-कोड ४३, तो एस२ मध्ये असतो, आणि तीन वेळा आला की मोडेम डेटा सोडून कमांड मोडमध्ये येतो. हेजनं १९८१ ला स्मार्टमोडेम काढला तवापास्नंची रीत. पण त्यात आधी आणि नंतर एक सेकंद शांतता लागते, ती एस१२ मध्ये, ५० म्हणजे एक सेकंद. पेटंटच्या भानगडीमुळं काही कंपन्यांनी ही शांततेची अट काढून टाकली, मग नुसतं +++एटीएच (एटीएच म्हणजे फोन ठेव) आलं तरी फोन खाली. तुझा रिपोर्ट +++ च्या आधी आणि नंतर थांबत असेल, तर शांततेची अट पाळणारा मोडेमपण फसू शकतो. आकडे पाठवणाऱ्या मोडेमला, म्हणजे तासगावच्या, एस२=२५५ कर, मग + ला तो भीक घालणार नाही. फक्त मग फोन तोडायला डीटीआर (पीसी तयार असल्याचा केबलमधला सिग्नल) खाली आला पाहिजे, म्हणून एटी&डी२ पण टाक आणि परत सेव्ह कर.

बेदाणा_तासगाव:
सगळं टाकलं, मेन स्विच पाडून बघितलं, रजिस्टरं टिकली. काका म्हणत्यात पाचव्या रिंगपर्यंत पोचायला खोलीतनं पळावं लागतंय, आठ कर. करतो, पण मग एस७ अजून वाढवावा लागंल ना?

कृष्णाकाठ:
नको, ८ म्हणजे २४ सेकंद, ९० पुरतंय. काकांना चपला दारात ठेवायला सांग.