कर्ज 'सिस्टीमने' नाकारलं, मग जाब कोणाला विचारायचा?

सातारकर: भावाने गोठ्यासाठी चार लाखांच्या कर्जाचा ऑनलाइन अर्ज केला, दहा मिनिटांत रिजेक्ट. ब्रँचला गेलो तर साहेब म्हणतात सिस्टीमनेच नाकारलंय, आमच्या हातात काही नाही. बाहेरच्या देशांत अशा वेळी माणूस कोणाला धरतो? आणि आपल्याकडे काय सोय आहे? खरंच वैतागलोय.

फ्रँकफर्टवाला: इथेही हेच चालायचं. शूफा म्हणून माणूस कर्ज फेडेल का याचा स्कोअर काढणारी कंपनी आहे, ती म्हणायची आम्ही नुसता आकडा देतो, निर्णय बँकेचा. डिसेंबर 2023 मधे युरोपच्या कोर्टाने सांगितलं की बँक मुख्यतः त्या आकड्यावरच चालत असेल तर आकडा काढणं हाच निर्णय, त्यामुळे डेटा कायद्यातला मशीनने घेतलेल्या निर्णयांचा नियम शूफालाही लागू. युरोपच्या नवीन एआय कायद्यातही कर्जाचा स्कोअर हाय-रिस्क, म्हणजे जास्त धोक्याच्या वापरांच्या यादीत आहे. पण एआयमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई सोपी करणारा जो वेगळा प्रस्ताव होता तो युरोपियन कमिशनने 2025 मधे मागे घेतला, ते मला अजिबात पटलेलं नाही.

जर्सीकर: अमेरिकेत देशभराचा एआय कायदाच नाही, पण 1974 चा कर्जाचा कायदा आहे ना, 30 दिवसांत कळवावं लागतं, एकतर कारण लिहून नाहीतर कारण मागायचा हक्क आहे असं लिहून. मशीन वापरलं की माणूस, फरक पडत नाही, धरायचं बँकेलाच.

निवृत्त बँकवाला: सातारकर, आपल्याकडेही वेगळा एआय कायदा नाही, नोव्हेंबर 2025 मधे केंद्राने फक्त मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिस कोडप्रमाणे कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी द्यावंच लागतं, "सिस्टीम" हे कारण नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. लोकपाल कर्ज मंजूर करून देणार नाही हे मात्र धरून चाला. आणि भावाचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आजच काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज टाका, 30 दिवस उलटले तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

सातारकर: काका, काढला रिपोर्ट. 2019 मधे फेडलेलं ट्रॅक्टरचं कर्ज अजून थकीत दाखवतंय! नो ड्यूज सर्टिफिकेट आईच्या ट्रंकेत सापडलं, स्कॅन करून अर्ज टाकलाय. ब्रँचमधे लेखी कारण मागायला उद्या सकाळीच जातो, पोच घेतल्याशिवाय उठत नाही.