भाड्याच्या फ्लॅटमध्ये आगीपासून बचाव: आधी काय तपासू?

नवा_भाडेकरू: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतोय. शेगडी, गिझर घरमालकाचे. खिडक्यांना बंद ग्रिल आहे. सामान हलवण्याआधी काय पाहू?

शेगडीवाले_काका: आधी गॅसची नळी. तिच्यावर आयएस ९५७३ (गॅसच्या नळीचा भारतीय मानक क्रमांक) आणि तारीख छापलेली असते. ५ वर्षं झाली की बदलाच, दिसायला कितीही नवी असो. लांबी दीड मीटरपर्यंत, मध्ये जोड नको. सिलिंडर उभा आणि शेगडीपेक्षा खाली. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी ओढून अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, फोन.

फ्यूज_उडाला: २००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर पिन तापून प्लास्टिक वितळतं. एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण) सारखी पडते म्हणून जास्त अँपिअरची बसवून देणारे महाभाग भेटतील. वायर मात्र तीच जुनी, मग ती भिंतीतच जळते.

नवा_भाडेकरू: आणि ग्रिल?

शेगडीवाले_काका: एक उघडणारी झडप करून मागा, करारात लिहून घ्या. कुलूप लावणार असाल तर चावी तिथेच, सगळ्यांना माहीत. २ किलोचं एबीसी पावडरचं (लाकूड-कापड, तेल, गॅस अशा आगींवर चालणारं) अग्निशामक दाराजवळ टांगा, शेगडीशेजारी नको. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी ओतलंत तर भडका उडेल.